मित्र ताऱ्याचं वजन कसं काढायचं?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात रात्री दहानंतर, चहा फिरला की, मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "ताऱ्याचं वजन कसं कळलं हो? काटा घेऊन कोण गेलं होतं तिथं?" लोक हसतात, पण प्रश्न रास्त आहे. ताऱ्याकडून आपल्याला मिळतो तो फक्त उजेड. उजेडावरून त्याचं तापमान कळतं, त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत तेही कळतं. वजन मात्र उजेडात लिहिलेलं नसतं. वस्तूचं वजन कळायला तिनं कुणाला तरी ओढलं पाहिजे. सूर्याचं वजन कळलं ते त्याच्याभोवती पृथ्वी फिरते म्हणून. तसंच दुसऱ्या ताऱ्याचं वजन कळतं ते त्याला जोडीदार असेल तर.

(शास्त्राच्या भाषेत वस्तुमान म्हणायला हवं. मी सवयीनं वजन म्हणतो, चालवून घ्या.)

या लेखात एका जोडीचं वजन तुम्ही स्वतः काढायचं आहे. लागणारं सामान: एक वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि मे महिन्यातली एक निरभ्र रात्र. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर पाहण्याची अर्धी मजा जाईल, गणिताची जाणार नाही.

जोडी निवडली आहे मित्र ताऱ्याची, म्हणजे अल्फा सेंटॉरीची. कारण साधं आहे. हा आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांपैकी एक, त्याचे दोन्ही घटक सूर्याच्याच जातीचे, आणि त्यांची एक फेरी माणसाच्या आयुष्यात बसते. लग्नात दाखवतात ते वसिष्ठ आणि अरुंधती जास्त ओळखीचे आहेत हे खरं, पण वसिष्ठाचे दुर्बिणीतून दिसणारे दोन घटक एकमेकांभोवती इतके सावकाश फिरतात की एका फेरीला हजारो वर्षं लागतात. वजन काढायला ते सोयीचे नाहीत. सरावाला मात्र फार चांगले, ते पुढे येईलच.

पायरी १: आधी मित्र ओळखा

मित्र नरतुरंग तारकासमूहात आहे, आकाशाच्या खूप दक्षिणेला. दिल्लीकरांना तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे दिसतो, पण बुटका. ऐन माथ्यावर, म्हणजे बरोबर दक्षिण दिशेला आलेला असतानासुद्धा तो मुंबईतून क्षितिजाच्या जेमतेम १० अंश वर असतो. पुण्यातून साडेदहा, नागपुरातून ८, पणजीतून साडेतेरा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, तेव्हा पुण्या-मुंबईकरांनी क्षितिजावर एक मूठ ठेवावी. मित्र मुठीच्या वरच्या कडेशी सापडेल. त्यामुळे दक्षिणेला इमारत, डोंगर किंवा शहराचा झगमगाट असेल तर जागा बदला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दक्षिण मोकळी मिळाली तर सोनं.

वेळ: मेच्या मध्यात रात्री साडेअकरा-पावणेबारा. महिनाभर आधी गेलात तर दोन तास उशिरा, महिन्यानं गेलात तर दोन तास लवकर. पण जूनच्या मध्यात आपल्याकडे आभाळ कसं असतं ते सांगायला नको.

खूण अशी. त्याआधी तासदोन तास, पावणेदहाच्या सुमारास, दक्षिणेला त्रिशंकूचे चार तारे उभ्या पतंगासारखे दिसतात. त्यांच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, दोन ठसठशीत तारे आहेत. त्रिशंकूच्या जवळचा तो हदर, बीटा सेंटॉरी. त्याच्या पलीकडचा, जास्त तेजस्वी, तो मित्र. नवखे लोक इथंच चुकतात, आणि मीही चुकलो होतो. पहिल्यांदा दुर्बीण लावली तेव्हा अर्धा तास हदरकडे बघत बसलो आणि "जोडी सुटी होत नाही" म्हणून दुर्बिणीला शिव्या दिल्या. दोघं शेजारी दिसत असले तरी हदर शेकडो प्रकाशवर्षं दूर आहे, त्याचा मित्राशी काही संबंध नाही. आकाशातलं शेजारपण असंच फसवं असतं.

पायरी २: जोडी सुटी करून पाहा

नुसत्या डोळ्यांना मित्र एकच दिसतो. त्यात दोन आहेत हे पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्याच देशातून: १६८९ च्या डिसेंबरमध्ये पुदुच्चेरीत एका धूमकेतूचं निरीक्षण करताना जाँ रिशो या फ्रेंच जेझुइट पाद्र्याला.

आता अपेक्षा आधीच बेताची ठेवा. दोन ताऱ्यांमधलं आपल्याला दिसणारं अंतर सतत बदलतं. २०१६ च्या सुरुवातीला ते ४ विकलांपर्यंत आलं होतं, नंतर वाढत जाऊन आता त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला; तेव्हा विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. ८ विकला म्हणजे किती? दहा रुपयांचं नाणं ७०० मीटरवर धरलं तर ते एवढं दिसेल.

कागदावर ६० मिलिमीटरची छोटी दुर्बीणही २ विकलांपर्यंतची जोडी सुटी करू शकते. पण तो हिशेब डोक्यावरच्या स्थिर हवेचा. क्षितिजाजवळ आपण हवेच्या जाड थरातून बघतो आणि तारा उकळत्या पाण्यातल्या नाण्यासारखा थरथरतो. म्हणून आधी उत्तरेला वळा आणि सप्तर्षींतल्या वसिष्ठावर हात साफ करा. मे महिन्यात तो रात्री छान उंचावर असतो. त्याचे दुर्बिणीतले दोन घटक १४ विकला अंतरावर आहेत (अरुंधती वेगळी, ती कितीतरी लांब, नुसत्या डोळ्यांना दिसते). तो १०० पट मोठा करून दोन टिंबं स्पष्ट दिसली की मग मित्राकडे या. तेवढंच वर्धन ठेवा, फोकस हलवत राहा आणि हवा क्षणभर थांबण्याची वाट बघा. साध्या १० पटीच्या बायनॉक्युलरनं मित्र सुटा होणार नाही, हट्ट धरू नका.

दिसेल ते असं: एक तेजस्वी पिवळट टिंब, त्याला खेटून दुसरं, थोडं फिकं. पहिल्याला अ म्हणू, दुसऱ्याला ब. ब किंचित नारिंगी आहे असं पुस्तकात वाचाल, आणि खरंच आहे, पण १० अंशांवर रंगांवर विश्वास ठेवू नका. हवा लोलकासारखी वागते, ताऱ्याच्या वरच्या कडेला निळसर आणि खालच्या कडेला लालसर झालर लावते.

पायरी ३: वहीत तीन आकडे उतरवा

हे आकडे आपण मोजायचे नाहीत. ते मोजायला पिढ्या गेल्या आहेत. आपण ते घ्यायचे, पण प्रत्येक आकडा कुठून आला हे समजून घ्यायचं.

पहिला, भ्रमणकाळ: ७९.७६ वर्षं. अ आणि ब यांची परस्परांभोवतीची एक फेरी. वर्षानुवर्षं दोघांमधलं अंतर आणि दिशा टिपत गेलं की कक्षेचं लंबवर्तुळ उमटतं. हे कंटाळवाणं, चिकाटीचं काम आहे. यात पुण्याचाही एक धागा आहे. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब या लष्करी अभियंत्यानं १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभी केली आणि १८४५ ते १८४८ या काळात इथून २४४ जोडताऱ्यांची निरीक्षणं करून यादी छापली. काहींच्या कक्षाही मांडल्या. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. १८६२ मध्ये पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायच्या तयारीनं परत आला आणि पुण्यात पोचल्यावर काही दिवसांतच वारला. पुण्यात राहून जोडतारे बघणाऱ्यांना हा माणूस माहीत असावा असं मला वाटतं. बहुतेकांना नसतो.

दुसरा आकडा, कक्षेचा अर्धा मोठा अक्ष: १७.४९ विकला. सोप्या भाषेत, अ आणि ब यांच्यामधलं जवळात जवळचं आणि लांबात लांबचं खरं अंतर घेऊन त्यांची सरासरी. 'खरं' या शब्दावर जोर आहे. मित्राची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेनं दिसते, ती ७९ अंशांनी कललेली आहे. ताटाकडे वरून न बघता बाजूनं बघावं तशी. त्यामुळे दुर्बिणीत दिसणारं अंतर आणि खरं अंतर यांत फरक पडतो. दिसणारं अंतर जास्तीत जास्त २२ विकलांच्या आसपास जातं, खरं मात्र साडेसव्वीस विकलांपर्यंत जातं. १७.४९ हा कलाची दुरुस्ती केल्यावरचा आकडा आहे.

तिसरा, पराशय: ०.७५०८ विकला. यावर पुढची सगळी इमारत उभी आहे, म्हणून जरा थांबू.

डोळ्यांसमोर बोट धरा. एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूहून त्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांवर असाच सरकतो. त्या सरकण्याचा अर्धा कोन म्हणजे पराशय. आता तीच गोष्ट उलटी करून बघा: मित्रावर बसून सूर्याकडे पाहिलं, तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर ०.७५०८ विकला एवढं दिसेल. हे वाक्य दोनदा वाचा. सूर्य-पृथ्वी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक, १५ कोटी किलोमीटर. म्हणजे मित्राच्या अंतरावर ०.७५०८ विकला म्हणजे एक खगोलीय एकक. नकाशाच्या कोपऱ्यात 'एक सेंटिमीटर = दहा किलोमीटर' असं लिहिलेलं असतं ना, तशी ही पट्टी आपल्या हातात आली.

मित्राचा पराशय पहिल्यांदा मोजला टॉमस हेंडरसननं, दक्षिण आफ्रिकेत केप इथं, १८३२-३३ च्या निरीक्षणांवरून. त्याला आकड्याची खात्री वाटेना, म्हणून तो छापायला १८३९ उजाडलं. तोवर बेसेलनं १८३८ मध्ये दुसऱ्या एका ताऱ्याचा पराशय जाहीर करून पहिलेपणाचा मान घेतला होता. हेंडरसनचा आकडा होता १.१६ विकला. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पायरी ४: कोनाचं अंतर करा

१७.४९ ला ०.७५०८ नं भागा. उत्तर २३.३ खगोलीय एकक.

झालं. ही पायरी एवढीच आहे. पण उत्तराकडे बघा: आपल्या सूर्यमालेत युरेनस सूर्यापासून १९ एककांवर आहे आणि नेपच्यून ३० वर. म्हणजे अ च्या जागी सूर्य ठेवला तर ब सरासरीनं या दोघांच्या मध्ये येतो. कक्षा मात्र चांगलीच लांबट आहे, तिची विमध्यता, म्हणजे लांबटपणाचं माप, ०.५२. त्यामुळे ब कधी ११ एककांपर्यंत, शनीच्या थोडा पलीकडे, येतो आणि कधी ३५ एककांपर्यंत लांब जातो. मागच्या वेळी दोघं सर्वांत जवळ आले होते १९५५ मध्ये. पुन्हा येतील २०३५ मध्ये.

पायरी ५: केप्लरला कामाला लावा

फेऱ्यांबद्दलचा केप्लरचा नियम असा: अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग, बरोबर दोघांचं मिळून वजन. अंतर खगोलीय एककांत, काळ वर्षांत, उत्तर 'सूर्य' या मापात. दुसरी कुठली मापं घातलीत तर उत्तर भलतंच येईल.

विश्वास बसावा म्हणून आधी घरच्या माणसावर चाचणी घ्या. गुरूचं सूर्यापासूनचं अंतर ५.२ एकक, त्याची फेरी ११.८६ वर्षांची. ५.२ चा घन १४०.६. ११.८६ चा वर्ग १४०.७. भागाकार १. म्हणजे सूर्य अधिक गुरू मिळून एक सूर्य. गुरूचं वजन सूर्याच्या हजाराव्या भागाएवढं, ते या हिशेबात कुठे दिसतही नाही. नियम चालतो.

आता मित्र. २३.३ × २३.३ × २३.३ = १२,६४९. ७९.७६ × ७९.७६ = ६,३६२. भागाकार १.९९.

दोन तारे मिळून जवळजवळ दोन सूर्य. तुम्ही आत्ता ४.३४ प्रकाशवर्षांवरच्या दोन ताऱ्यांचं वजन केलंत.

गंमत म्हणून हेंडरसनचा पराशय घालून तेच गणित पुन्हा करा. १७.४९ भागिले १.१६ म्हणजे १५.०८, त्याचा घन ३,४२९ च्या आसपास, भागिले ६,३६२ केलं की ०.५४. दोन तारे मिळून सूर्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त! पराशय दीडपट चुकला तर वजन पावपटीवर आलं, कारण चूक घनात जाते. हल्लीच्या काळातही हे टळलेलं नाही. हिप्पार्कोस उपग्रहाच्या १९९७ च्या यादीत मित्राचा पराशय ०.७४२ होता. आताच्या ०.७५०८ पेक्षा सव्वा टक्का कमी. पण त्यानं वजन येतं २.०६, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. म्हणून दोन पुस्तकांत मित्राची दोन वजनं दिसली तर गोंधळू नका. आधी बघा, पराशय कुणाचा घेतलाय.

पायरी ६: कावडीचा खांदा शोधा

एकूण वजन मिळालं. वाटणी कशी करायची?

कावड आठवा. दोन्ही टोकांना सारखं ओझं असेल तर खांदा बरोबर मध्ये. एकीकडे जड असेल तर खांदा जड बाजूकडे सरकवावा लागतो. अ आणि ब ची कावड अशीच आहे. दोघंही एका समाईक बिंदूभोवती, गुरुत्वमध्याभोवती, फिरतात. ब अ भोवती फिरतो असं आपण बोलतो खरं, पण अ सुद्धा स्वस्थ नसतो.

हा खांदा शोधायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत दोघांच्या जागा कित्येक वर्षं मोजणं. जोडी एकूण सरळ रेषेत पुढे सरकत असते आणि दोघं त्या रेषेभोवती नागमोडी जातात. ज्याचं वळण छोटं तो जड. दुसरा मार्ग वर्णपटाचा, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून त्यातल्या बारीक रेषा, वर्णरेषा, बघण्याचा. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णरेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर लालकडे. अख्खी जोडी सेकंदाला सुमारे २२ किलोमीटर वेगानं आपल्याकडे येते आहे, आणि त्या वेगावर अ ची छोटी, ब ची जरा मोठी अशी उलटसुलट चढउतार बसलेली दिसते.

मोजणीतून निघतं ते असं: २३.३ एककांपैकी १०.७ अ च्या वाट्याला, १२.६ ब च्या. वजनं याच्या उलट प्रमाणात. अ चं वजन म्हणजे १.९९ × १२.६ ÷ २३.३, साधारण १.०८ सूर्य. उरलेलं ०.९१ ब चं.

अ सूर्यापेक्षा थोडा जड, ब थोडा हलका. सूर्य या दोघांच्या मधोमध बसतो.

पायरी ७: उजेड मोजा

ताऱ्यांच्या दिसणाऱ्या तेजाला 'प्रत' म्हणतात आणि ती उलटी चालते: आकडा लहान, तारा तेजस्वी. एका प्रतीचा फरक म्हणजे उजेडात २.५१२ पट फरक. अ ची प्रत ०.०१, ब ची १.३३.

यांची तुलना सूर्याशी करायची तर सूर्याला उचलून मित्राच्या अंतरावर नेलं पाहिजे. तिथून तो ०.४५ प्रतीचा दिसेल. (खरोखर मित्रावरून पाहिलं तर सूर्य शर्मिष्ठेत दिसेल, तिच्या इंग्रजी डब्ल्यूला एक जास्तीचा तेजस्वी तारा लागेल. मला ही कल्पना फार आवडते.) अ आणि सूर्य यांच्यात फरक ०.४४ प्रतीचा. कॅल्क्युलेटर आडवा करून २.५१२ चा ०.४४ वा घात काढा: १.५. अ सूर्याच्या दीडपट तेजस्वी.

ब साठी फरक ०.८८, पण उलट बाजूला. २.५१२ चा ०.८८ वा घात २.२५, आणि त्याचा व्यस्त ०.४४. पुस्तकात बघाल तर ०.५० लिहिलेलं असेल. तुमचं चुकलेलं नाही. ब सूर्यापेक्षा थंड, म्हणून त्याच्या उजेडातला मोठा वाटा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जातो. प्रत मोजली ती दिसणाऱ्या प्रकाशाची. सगळे किरण धरले की ०.५०. अ चं तापमान सूर्याच्या जवळपास असल्यानं त्याला ही दुरुस्ती जाणवत नाही.

आता वजन आणि उजेड शेजारी ठेवा. अ चं वजन ब च्या पाचव्या भागानंही जास्त नाही, आणि उजेड तिप्पट! ताऱ्यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असं मला कुणी विचारलं तर मी ही सांगेन. वजन थोडं वाढलं की गाभ्यावरचा दाब आणि तिथलं तापमान वाढतं, आणि तापमान थोडं वाढलं तरी हायड्रोजन जळण्याचा वेग पुष्कळ वाढतो. त्यातून अ वयानुसारही उजळत गेला आहे. जड तारा इंधन जास्त घेऊन जन्मतो आणि तरी आधी संपतो.

पायरी ८: आकार काढा, आणि दुसऱ्या वाटेनं तपासा

ताऱ्याचा उजेड दोन गोष्टींवर अवलंबून: पृष्ठभाग किती मोठा आणि किती तापलेला. तापमानाचा परिणाम चौथ्या घाताचा. म्हणून त्रिज्येचा वर्ग = उजेड ÷ तापमानाचा चौथा घात, सगळं सूर्याच्या पटीत.

तापमान वर्णपटातून मिळतं: अ चं सुमारे ५,८०० केल्विन, ब चं ५,२४०, सूर्याचं ५,७७२. अ साठी: ५,८०० ÷ ५,७७२ = १.००५, चौथा घात १.०२. १.५ ÷ १.०२ = १.४७, वर्गमूळ १.२१. ब साठी: ०.९०८ चा चौथा घात ०.६८, ०.५० ÷ ०.६८ = ०.७३५, वर्गमूळ ०.८६. अ सूर्याहून पाचव्या भागानं मोठा, ब सातव्या भागानं लहान.

हे तपासता येतं का? येतं, आणि इथं मला दरवेळी आनंद होतो. चिलीतल्या पारानाल इथल्या अतिविशाल दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून या ताऱ्यांच्या चकत्यांचा कोन थेट मोजला आहे. अ चा व्यास ०.००८५ विकला. म्हणजे मुंबईत उभं राहून नागपुरातलं दहा रुपयांचं नाणं मोजण्यासारखं. आता पायरी ४ चीच पट्टी लावा: ०.००८५ ÷ ०.७५०८ = ०.०११३ खगोलीय एकक. सूर्याचा व्यास ०.००९३ एकक. भागाकार १.२२. ब चा कोन ०.००६०, तोच हिशेब केला की ०.८६. एक वाट उजेड आणि तापमानाची, दुसरी सरळ मोजपट्टीची, आणि दोन्ही एकाच गावाला पोचल्या.

तिसऱ्याचं काय?

प्रॉक्सिमा. १९१५ मध्ये रॉबर्ट इनेस यांनी जोहान्सबर्गहून शोधला. मित्रापासून आकाशात २ अंशांहून थोडा जास्त लांब, ११ व्या प्रतीचा लाल बुटका तारा, सूर्याच्या जेमतेम १२ टक्के वजनाचा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा हाच, ४.२५ प्रकाशवर्षांवर. तो अ-ब च्या जोडीपासून १३,००० एककांवर आहे आणि त्याची एक फेरी साडेपाच लाख वर्षांची, त्यामुळे आपल्या गणितात त्याची लुडबुड नाही. क्षितिजालगत एवढा मंद तारा शोधण्यात रात्र घालवू नका.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका

दुर्बिणीत आज दिसणारं अंतर अर्धा मोठा अक्ष म्हणून घेणं, ही पहिली. कक्षा न मांडता जोडीचं वजन काढता येत नाही. दुसरी, दोन तारे जवळ दिसले की ती जोडीच समजणं. हदरच्या बाबतीत मी जे केलं ते. दोघांचे पराशय बघा, ते जुळत नसतील तर विषय संपला. तिसरी, सगळ्या जोड्यांना हीच कृती लावणं. चित्रेचे दोन घटक एकमेकांना इतके चिकटून आहेत की चार दिवसांत फेरी होते आणि दुर्बिणीत ते सुटे होत नाहीत. तिथं फक्त वर्णपट बोलतो, आणि कक्षेचा कल वेगळ्या मार्गानं काढावा लागतो.

पावसाळ्यातला गृहपाठ: व्याध

जूनमध्ये आभाळ भरलं की दुर्बीण कपाटात जाते. तेव्हा व्याधाचं गणित करा. बेसेलनं १८४४ मध्ये त्याची नागमोडी चाल पाहून अदृश्य जोडीदार असल्याचं सांगितलं होतं. १८६२ मध्ये तो दिसला. आकडे: अर्धा मोठा अक्ष ७.५० विकला, पराशय ०.३७९, भ्रमणकाळ ५०.१ वर्षं. एकूण वजन ३.१ सूर्यांच्या आसपास आलं पाहिजे. खांदा अ (व्याध) पासून एक भाग, ब (जोडीदार) पासून दोन भाग, म्हणजे ब साधारण एक सूर्य वजनाचा.

मग ब चा आकार काढा. तापमान २५,४०० केल्विन, उजेड सूर्याच्या ०.०२४५ पट. त्रिज्या येईल सूर्याच्या ०.००८ पट. सूर्याची त्रिज्या ६,९६,००० किलोमीटर, गुणून बघा: साडेपाच-सहा हजार किलोमीटर. पृथ्वीची ६,३७१. सूर्याएवढं वजन आणि आकार पृथ्वीपेक्षाही लहान. बहुतेक जण इथं कॅल्क्युलेटर पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. करा, उत्तर तेच येईल.